प्रिन्स येणार होता, पुण्याहून!

जुन्या गेमचे रिमेक म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा, की त्यात आणखी काही आहे? दिघीतल्या एका रविवारी दुपारी मामा-भाच्यात रंगलेल्या वादाची ही गोष्ट.

परवाच्या रविवारी भाचा आमच्याकडे दिघीला राहायला आला होता. वय वर्षं तेरा. बाहेर आळंदी रोडवर हॉर्नचा नेहमीचा कल्ला, घरात सगळे जेवून आडवे झालेले. म्हटलं, चल, तुला एक सॉलिड गेम दाखवतो. लॅपटॉप उघडला आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ लावला. २००३ सालचा. स्क्रीनवर प्रिन्स आला आणि मला एकदम भरून वगैरे आलं. भाच्याने मान तिरकी करून बघितलं आणि विचारलं, ‘‘मामा, याचं तोंड असं पुठ्ठ्याचं का आहे?’’

झालं! मूडचा पार कचरा.

‘‘अरे, तेव्हा हे टॉपचं ग्राफिक्स होतं.’’

‘‘मग आपण याचा रिमेक का नाही खेळत?’’

आता याला काय सांगणार? रिमेक येणार होता. आपल्या पुण्यातच बनत होता. आणि तो यायच्या आधीच त्याच्यावर दात काढणाऱ्यांमध्ये याचा हा मामासुद्धा होता.

एक पीसी, पाच डोकी

२००४ साली मी नववीत होतो. भोसरीच्या एका सायबर कॅफेत बरं ग्राफिक्स कार्ड असलेला एकच पीसी होता आणि त्यावर हा गेम चालायचा. तासाला वीस रुपये. पाच जणांची वर्गणी, प्रत्येकाला बारा मिनिटं, बाकीचे चौघे मागे उभे राहून सल्ले देणार. प्रिन्स भिंतीवरून पळायचा, खांबावरून झेप घ्यायचा आणि आमच्या चुकीने दरीत पडायचा. पण त्याच्याकडे एक जादूचा खंजीर होता. बटण दाबलं की वेळ उलटी फिरणार, पडलेला प्रिन्स परत कड्यावर! सहामाहीत गणितात आपटलेल्या पोराला असा खंजीर मिळाला तर आणखी काय पाहिजे?

या गेमची आणखी एक गंमत होती. सगळी कथा प्रिन्स स्वतःच सांगत असतो. त्यामुळे आपण मेलो की तो मध्येच थांबून म्हणणार, छे, असं नव्हतं घडलं. आणि गोष्ट पुन्हा मागून सुरू.

तसा हा प्रिन्सही पहिला नव्हेच. मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा, अॅपल टू या कॉम्प्युटरवरचा. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून प्रिन्सच्या हालचाली चितारल्या. ऑफिसातल्या काळ्या डॉस स्क्रीनवर साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायची धडपड आपल्यापैकी अनेकांच्या काका-बाबांनी केली असेल. (साहेब केबिनमध्ये नसताना, अर्थात!)

रंगकाम की रिडेव्हलपमेंट?

वाद घालण्याआधी एक फंडा क्लिअर करू. रिमास्टर आणि रिमेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिमास्टर म्हणजे जुन्या सोसायटीला बाहेरून रंग, जिन्यात नवे दिवे, गेटवर नवी पाटी. इमारत तीच. रिमेक म्हणजे रिडेव्हलपमेंट. जुनी बिल्डिंग पाडायची आणि त्याच प्लॉटवर पायापासून नवी उभी करायची. नाव तेच, रहिवासी तेच, बाकी सगळं नवीन.

रिडेव्हलपमेंटमध्ये काय होतं हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. लिफ्ट येते, पार्किंग येतं, पण संध्याकाळी सगळे जमायचे तो कट्टा नव्या प्लॅनमध्ये दिसत नाही. आर्किटेक्टची चूक म्हणावी तर त्या कट्ट्यावर तो कधी बसलेलाच नसतो. गेमच्या रिमेकचं निम्मं दुखणं हेच आहे.

फराह माहेरी येणार होती

‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये ‘गेमलॉफ्ट’चा पुण्यातला स्टुडिओ आपल्याकडे घेतला. २०१८ मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ काढला. आणि १० सप्टेंबर २०२० रोजी जाहीर केलं की, ‘सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ मिळून करताहेत.

यात एक योगायोगही होता. या गेमची सुरुवातच भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने होते. नायिका फराह त्याच महाराजाची मुलगी. म्हणजे रिमेकच्या निमित्ताने बाईसाहेब माहेरीच येणार होत्या!

ट्रेलर आला आणि जगभर बोंबाबोंब झाली. चेहरे जुनाट, हा कसला २०२० चा गेम, म्हणून लोकांनी धू-धू धुतलं. लॉकडाउनचे दिवस, सगळे घरात बसून कंटाळलेले. मीही ऑफिसच्या ग्रुपवर जोक टाकला, ‘‘याच्यापेक्षा आमच्या सोसायटीच्या गणपतीचा देखावा भारी असतो.’’ भरपूर स्मायली मिळाले. हे काम आपल्याच पुण्यातलं आहे, हे मला नंतर कळलं.

पुढची टाइमलाइन अशी. रिलीजची पहिली तारीख होती २१ जानेवारी २०२१. ती गेली १८ मार्चवर. मग फेब्रुवारीत बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून कॅनडातल्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेलं, जिथे २००३ चा मूळ गेम बनला होता. २०२४ मध्ये छोटासा टीझर आला, २०२६ चा वायदा झाला. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने इतर पाच गेमसोबत हा रिमेकही रद्द केला. हवा तो दर्जा गाठायला आणखी वेळ आणि पैसा लागला असता, असं कारण दिलं.

आयटीत किंवा चाकणच्या प्लँटवर काम करणाऱ्यांना यातली एक ओळ जास्त टोचेल. ‘काम दुसऱ्या लोकेशनकडे गेलं.’ दिवसरात्र खपून उभं केलेलं काम हँडओव्हरच्या मीटिंगमध्ये समजावून सांगणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. मला माझा जोक तेव्हा आठवला. आता काही तो तितका भारी वाटत नाही.

डोक्यातला रिमेक

ट्रेलरवरची टीका सगळी खोटी होती का? नाही. चेहरे खरंच बेतास बात होते. पण भाच्याच्या त्या ‘पुठ्ठ्या’च्या प्रश्नानंतर मी २००३ चा गेम नीट बघितला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माझ्या आठवणीतला प्रिन्स असा नव्हताच! आठवणीतल्या प्रिन्सचं तोंड रेखीव होतं, केस वाऱ्यावर उडत होते, राजवाड्यावर चांदणं पडलं होतं. वीस वर्षांत मी माझ्या डोक्यात त्याचा मस्तपैकी रिमेक करून टाकला होता. बजेट शून्य, डेडलाइन नाही, बग तर नाहीच नाही.

बिचाऱ्या स्टुडिओची स्पर्धा जुन्या गेमशी नसतेच, ती या डोक्यातल्या गेमशी असते. आणि तिथे पैसे ओतून जिंकता येत नाही. कारण आपल्याला परत हवी असते ती सायबर कॅफेतली संध्याकाळ आणि मागे उभे असलेले ते चौघे. ते कुठल्याही डिस्कवर मिळत नाहीत. तेवढ्यासाठीच रिमेक असेल, तर तो शंभर टक्के अनावश्यक आहे.

नटाला पाना कुठे लावायचा?

मग सगळेच रिमेक बंडल का? तसंही नाही. आधी फसलेला बघू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जीटीए’चे तीन जुने गेम, त्यात आपला लाडका ‘व्हाइस सिटी’ही, नव्या रूपात आले. पाऊस इतका जाड की समोरचा रस्ता दिसेना, चेहरे विचित्र, बग ढीगभर. ‘सॅन अँड्रियास’मध्ये ‘टफ नट’ नावाचं डोनटचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर मूळ गेममध्ये लोखंडी षटकोनी नट होता. नव्या गेममध्ये तो घासून गुळगुळीत गोल झाला! नावातला विनोदच गेला. भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही हेल्परने विचारलं असतं, साहेब, या नटाला पाना कुठे लावायचा? वर जुने गेम दुकानातून काढून टाकले होते. शेवटी ‘रॉकस्टार’ला माफी मागून ते पीसीसाठी परत विक्रीला ठेवावे लागले.

आणि अनावश्यकचं उदाहरण हवं असेल तर ‘द लास्ट ऑफ अस’. २०१३ चा गेम, २०१४ मध्ये रिमास्टर, २०२२ मध्ये रिमेक. काम देखणं, पण जुनं रिमास्टर झकास चालत असताना परत पूर्ण किंमत का मोजायची, हा प्रश्न राहतोच.

आता जमलेले. ‘रेसिडेंट इव्हिल २’ मूळचा १९९८ चा. कॅमेरा भिंतीला टांगल्यासारखा स्थिर. २०१९ च्या रिमेकने तो थेट हिरोच्या खांद्यामागे आणला, म्हणजे खेळायची पद्धतच बदलली. पण पोलीस स्टेशनच्या बोळात पुढच्या वळणावर काय असेल ही भीती तशीच ठेवली. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ १९९९ चा. २०१९ च्या आवृत्तीत शेतं पुन्हापुन्हा पेरायला करावं लागणारं क्लिक-क्लिक गेलं, पेरणी आपोआप होऊ लागली. गंमत मात्र जशीच्या तशी. २०२२ मध्ये तर त्यात बंगाली, द्रविड आणि गुर्जर सेनाही आल्या. आमच्या ऑफिसातली दोन पोरं आजही शनिवारी रात्री यावर भिडतात. त्यातला एक मूळ गेम आला तेव्हा दुपट्यात होता.

फरक कुठे आहे? जमलेल्यांना माहीत होतं की गेममधली कुठली गोष्ट कशासाठी आहे. फसलेल्यांनी पाटी चकाचक केली, पण त्यावर नट का होता हे कोणी विचारलंच नाही.

जुनाच खेळा ना मग!

हे म्हणणं सोपं आहे. पण जुना मिळतो कुठे? अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, २०१० च्या आधी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत असं दिसलं. घरातल्या जुन्या सीडी घालायला लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. ‘सँड्स ऑफ टाइम’ पीसीवर अजून विकत मिळतो, हे आपलं नशीब.

कोणी म्हणेल, त्यापेक्षा नवाच गेम काढा की! काढलाही. २०२० मध्येच पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, भिंतीवरून पळणं, खांबावर चढणं. बघताना प्रिन्स आठवतोच, पण गोष्ट स्वतःची. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. मी अजून खेळलेलो नाही. जोक मारायला मात्र वेळ होता! पण नवा गेम आहे म्हणून जुना नको, असं थोडंच आहे? घरात दोन्ही असू देत की.

पुन्हा एकदा...

भाच्याने शेवटी गेम हातात घेतला. कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, दोनदा दरीत पडला. मग मी त्याला खंजिराचं बटण दाखवलं. प्रिन्स उलटा वर येऊन कड्यावर उभा राहिला आणि पोरगं एकदम ओरडलं, ‘‘एऽऽ, सही!’’

अगदी तसंच, जसे आम्ही पाच जण ओरडलो होतो. मग पुठ्ठ्याचं तोंड वगैरे सगळं विसरून तो दीड तास खेळत बसला.

रिमेक हवा असतो तो यांच्यासाठी. आपली आठवण परत मिळावी म्हणून नको, तर या तेरा वर्षांच्या पोराला पहिल्या पाच मिनिटांत कॅमेऱ्याला कंटाळून उठावंसं वाटू नये म्हणून. मामा शेजारी बसलेला नसता, तर तो खंजिरापर्यंत पोहोचलाच नसता. पुण्या-मुंबईतली ती टीम नेमकं तेच करायला बसली होती. त्यांना जमलं असतं की नाही, हे आता कळणार नाही.

चहाची वेळ झाली तेव्हा भाचा म्हणाला, ‘‘मामा, तो पुण्यातला रिमेक आला असता तर घेतला असतास?’’

‘‘घेतला असता,’’ मी म्हटलं.

२०२० मध्ये विचारलं असतंस तर वेगळं उत्तर दिलं असतं, हे काही मी त्याला सांगितलं नाही.