दातांची तार काढल्यानंतर : रिटेनरचे महत्त्व

पूर्वी मुलाचे दात पुढे आले किंवा एकावर एक चढले, तर 'जन्मतःच तसे आहेत' असे म्हणून विषय सोडून दिला जाई. आज जालना, अंबड, परतूर, भोकरदन येथील आपल्या समाजातील पालकही पोटाला चिमटा घेऊन मुलामुलींच्या दातांना तार लावून घेतात, ही समाधानाची बाब आहे. परंतु तार निघाली की उपचार संपला, असा समज सर्वत्र आढळतो. या समजापायी दीड-दोन वर्षांचे कष्ट व पैसा वाया जाऊ शकतो, म्हणून हा लेखप्रपंच.

दातांची निगा हा विषय धम्माला परका नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दातवण वापरण्याची अनुमती दिल्याचा उल्लेख असून त्याचे पाच फायदेही सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी न येणे हा त्यांपैकी एक होय.

दात हा जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. तारेने दातावर सतत सौम्य दाब दिला की दाबाच्या बाजूचे हाड झिजते, विरुद्ध बाजूला नवे हाड तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. तार काढली त्या दिवशी दात सरळ दिसत असले, तरी आतील रचना कच्ची असते. मुळाभोवतीचे तंतू नव्या जागी स्थिरावण्यास साधारण तीन-चार महिने लागतात. हिरडीतील काही तंतू तर वर्षभर ताणलेले राहून दाताला जुन्या जागेकडे ओढत असतात. नव्या बांधकामाचा स्लॅब भरल्यावर सेंट्रिंग लगेच काढत नाहीत, तेच काम येथे रिटेनर करतो.

रिटेनर मुख्यत्वे तीन प्रकारचे आहेत. पहिला, टाळूला बसणारी प्लेट व पुढून जाणारी तार असलेला; अमेरिकेतील डॉ. चार्ल्स हॉले यांनी तो 1919 साली मांडला, म्हणून त्याला हॉले रिटेनर म्हणतात. दुसरा, दातांवर टोपीसारखा बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा. तिसरा, पुढच्या दातांच्या आतील बाजूस कायम चिकटवलेली बारीक तार. पहिले दोन काढता-घालता येतात. डॉक्टर बहुधा सुरुवातीचे काही महिने ते जवळजवळ दिवसभर व नंतर रात्री झोपताना वापरण्यास सांगतात.

'किती दिवस?' हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 1981 सालच्या अभ्यासात, रिटेनर बंद करून दहा वर्षे झालेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा दाटलेले आढळले. ज्यांनी कधीच तार लावली नाही, त्यांचेही खालचे दात वयानुसार थोडे दाटतात. अनित्यतेचा नियम दातांनाही चुकलेला नाही. याचा दोष अक्कलदाढेला दिला जातो. पण ज्यांना अक्कलदाढ आलीच नाही त्यांच्यातही हे घडते. म्हणून दात सरळ राहावेत असे वाटते तोवर रात्री रिटेनर वापरावा, असेच आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जेवताना रिटेनर काढला तर तो डबीतच ठेवावा. कागदात गुंडाळला की तो उष्ट्याबरोबर फेकला जातो. तो गरम पाण्यात धुऊ नये, उन्हात ठेवू नये. त्याचा आकार बिघडतो. थंड पाणी व मऊ ब्रश पुरेसा आहे. चिकटवलेल्या तारेभोवती कीटण साचते, म्हणून तेथे नीट ब्रश करावा. ही तार एखाद्या दातावरून सुटली तर दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही आणि तेवढाच दात सरकतो. अधूनमधून आरशात पाहावे. काढता येणारा रिटेनर काही दिवस न वापरल्याने घट्ट लागत असेल, तर दात सरकू लागल्याची ती खूण आहे. तो बसतच नसेल तर जोर न लावता डॉक्टरांकडे जावे.

शिक्षणासाठी मुले पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जातात, परीक्षेच्या धांदलीत रिटेनर हरवतो आणि 'सुटीत गावी गेल्यावर पाहू' म्हणून महिने निघून जातात. नवा रिटेनर ताबडतोब करून घेतला तर थोडक्यात भागते. दात हलल्यावर मात्र पुन्हा तार लावण्याची वेळ येऊ शकते, आणि तो खर्च दुसऱ्यांदा पेलणे आपल्यापैकी अनेक घरांना शक्य नसते. म्हणून उपचार सुरू करण्यापूर्वीच पालकांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : ठरलेल्या रकमेत रिटेनर धरला आहे काय? हरवल्यास नव्याचे किती पडतील? तपासणीला किती वेळा यावे लागेल? खासगी खर्च झेपत नसल्यास जालन्यापासून सुमारे 60 किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालयातील दंतव्यंगोपचार विभागात चौकशी करावी.

मुलाला तार लावून देणे पालकांच्या हाती आहे. रोज रात्री रिटेनर घालणे हे मात्र मुलाने स्वतःच करावयाचे काम आहे. ते त्याला आजच समजावून सांगावे.