किनाऱ्यावरचा एक दिवस

कॅरिबियन क्रूझवर खरी कसोटी किनाऱ्यावरच लागते. बोट सकाळी लागते, संध्याकाळी सुटते आणि आठ माणसांच्या आठ इच्छा!

पोर्ट ऑफ स्पेनला नातवंडांना माराकसचा समुद्रकिनारा हवा होता. सौभाग्यवतींना वॉटर्लूचे देऊळ. शिवदास साधू या मळेकामगाराने किनाऱ्यावर बांधलेले देऊळ १९५२ साली पाडले गेले. मग त्याने सायकलवरून दगडमाती वाहून समुद्रातच भराव घातला आणि नवे उभारले! माझ्या मित्राला मात्र क्वीन्स पार्क ओव्हल पाहायचे होते. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवले ते इथे; गावसकरांनी एकाच सामन्यात १२४ आणि २२० काढले तेही इथेच.

बँकेतली सवय म्हणून मी कागदावर हिशेब मांडला. समुद्रकिनारे पुढच्या बेटांवरही होते. मित्राचे गुडघे पुढच्या वर्षी असे राहणार नव्हते. म्हणून आधी ओव्हल, मग देऊळ. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, आपले आपण गेलेल्यांसाठी नाही. परतीला दोन तास राखून ठेवले.

रिकाम्या मैदानापुढे मित्र बराच वेळ गप्प उभा राहिला. नातवंडेही कुरकुरली नाहीत.

सहली निवडताना एवढेच विचारावे : कुणाला इथे पुन्हा येता येणार नाही?