स्वभावाला औषध असते

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, ती उच्चारताना आपण एक सिद्धांतच मांडीत आहोत याचे भान राहत नाही. माणूस जसा घडला तसाच अखेरपर्यंत राहणार, असा तो सिद्धांत होय. बौद्ध उपासकाला तो मान्य करता येणार नाही. कारण तो मान्य केल्यास शील, समाधी आणि प्रज्ञा यांच्या अभ्यासाला प्रयोजनच उरत नाही. आज हाच प्रश्न नव्या वेषात समोर आला आहे. नोकरीच्या निवडीत, मार्गदर्शन शिबिरांत, मोबाईलच्या पडद्यावर व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतल्या जातात आणि 'तुम्ही अमुक प्रकारचे आहात' असा निर्वाळा दिला जातो. आपल्या तरुण-तरुणींनी या निर्वाळ्याचे काय करावे, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम या चाचण्यांचे स्वरूप पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात, युद्धाच्या मानसिक आघाताने कोणते सैनिक खचतील हे ओळखण्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी एक प्रश्नावली तयार केली. अशा प्रश्नावल्यांचा आरंभ सामान्यतः तेथून मानतात. पुढे कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथातील कल्पनांवरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी एक चाचणी रचली. तिच्यात चार जोड्यांवरून माणसांचे १६ प्रकार पाडलेले आहेत. ही चाचणी लोकप्रिय आहे, परंतु तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. पुष्कळ माणसे पूर्ण अंतर्मुखही नसतात आणि पूर्ण बहिर्मुखही नसतात. ती मध्याजवळ असतात. मध्यावर रेघ ओढली की किंचित फरकाने एक जण इकडे पडतो, दुसरा तिकडे. आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी दिल्यास अनेकांचा प्रकार बदलतो. म्हणून अभ्यासक प्रकार पाडण्याऐवजी पाच गुणांचे प्रमाण मोजणे अधिक ग्राह्य मानतात. खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता हे ते पाच गुण होत. वाढत्या वयाबरोबर यांचे प्रमाण बदलते, हेही संशोधनातून दिसून आले आहे.

'पण माझे वर्णन तर मला तंतोतंत पटले,' असे कोणी म्हणेल. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन प्रत्येकाच्या हाती त्याचे 'स्वतःचे' स्वभाववर्णन दिले. ते कितपत बरोबर आहे, असे विचारता विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वस्तुतः सर्वांना एकच वर्णन दिलेले होते, आणि त्यातील बरीच वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली होती! राशिभविष्य झिडकारणाऱ्या आपण हे ध्यानी ठेवावे. पटणे हा पुरावा नव्हे.

मग माणसांच्या स्वभावाचा अभ्यासच व्यर्थ आहे काय? तसे आम्हांस वाटत नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत रचलेल्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात हा अभ्यास आढळतो. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० साली प्रसिद्ध झाली. त्यात राग, द्वेष, मोह, श्रद्धा, बुद्धी आणि वितर्क असे सहा 'चरित' सांगितले आहेत. ते ओळखण्याच्या खुणा अगदी रोजच्या आहेत. रागचरित माणूस न घाई करता नीटनेटका, एकसारखा झाडतो. द्वेषचरित केरसुणी घट्ट आवळून, दोन्ही बाजूंना धूळ उडवीत खरखर झाडतो. मोहचरिताची पकड ढिली, त्यामुळे जागा ना स्वच्छ होते ना सारखी.

येथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, या वर्गीकरणाचा हेतू शिक्का मारणे हा नसून औषध निवडणे हा आहे. द्वेषचरिताला मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा, तर वितर्कचरिताला आनापानस्मृती असे कर्मस्थान सांगितले आहे. दुसरी, दोष आणि गुण यांचे नाते. द्वेष इतरांचे नसलेले दोष शोधतो, प्रज्ञा असलेले दोष शोधते. म्हणून द्वेषचरिताची तीच प्रवृत्ती योग्य वळण लागल्यास प्रज्ञेला साहाय्यक होते. तिसरी, आचार्यांचा प्रामाणिकपणा. खुणांची ही पद्धत मूळ पाली ग्रंथांत वा अट्ठकथांत समग्र आलेली नाही, ती केवळ आचार्यांच्या मताने सांगितली आहे, म्हणून तिला सारभूत मानू नये, असे ते स्वतःच बजावतात. दक्ष राहणाऱ्या द्वेषचरिताचे वागणे रागचरितासारखेही दिसू शकते, असेही ते सांगतात.

हा सावधपणा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. 'तुमचा स्वभावच असा' हे वाक्य आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले, आणि त्याच्या आधारे त्यांना विद्या व व्यवसाय नाकारले गेले. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बाबासाहेबांनी चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना प्लेटोच्या तीन वर्गांचाही समाचार घेतला आहे. प्रत्येक व्यक्ती अनन्य असते. तिला मोजक्या वर्गांत कोंबणे म्हणजे माणसाकडे वरवर पाहणे होय, हा त्यांचा मुद्दा होता. चार कप्पे चुकीचे असतील, तर सोळा कप्पेही आपोआप बरोबर ठरत नाहीत.

म्हणून चाचणी द्यावी, पण तिचा निकाल उत्तर म्हणून न वाचता प्रश्न म्हणून वाचावा. कर्तव्यदक्षता कमी आली, तर पंधरा दिवस वही ठेवावी: कोणते काम ठरविले, कोणते टाळले, टाळताना मनात काय होते. प्रश्नावलीत आपणच आपल्याविषयी उत्तरे देतो. म्हणून घरातील माणसांना आणि सहकाऱ्यांनाही विचारावे. 'अंतर्मुख' असा शेरा मिळालेल्या मुलीला सभेत बोलण्यापासून परावृत्त करू नये. तिला तयारीस थोडा अधिक वेळ द्यावा. आणि मुलांच्या देखत 'हा असाच आहे' असे कदापि म्हणू नये.

भगवान बुद्धांनी राहुलाला आरशाचा दृष्टान्त देऊन, काया, वाचा आणि मन यांचे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासून पाहण्यास सांगितले. आरसा चेहऱ्यावरचा डाग दाखवितो, तो पुसण्यासाठी. तोच डाग आपले नाव आहे असे आरसा सांगत नाही. व्यक्तिमत्त्व चाचणीकडून आपण एवढेच काम घ्यावे. पुसण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे असते.