कुंडीतील भाजीपाल्यावरील कीड : आधी ओळख, मग उपाय

वसतिगृहाच्या गच्चीवर तेलाचे रिकामे डबे, रंगाच्या बादल्या आणि जुन्या गोण्या यांत आम्ही मिरची, वांगी, भेंडी, चवळी व टोमॅटो लावतो. पालकसभेस येणारे पालक आणि माजी विद्यार्थी ही बाग आवर्जून पाहतात व एक प्रश्न हमखास विचारतात : रोज सकाळी पंचशील ग्रहण करणाऱ्या या शाळेत भाजीवरील किडीचे तुम्ही काय करता? घराच्या गच्चीवर चार कुंड्या ठेवणाऱ्या आपल्या समाजातील अनेकांना हा प्रश्न पडत असणार. म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. गरज नसताना केवळ इच्छेपोटी होणारी हत्या निषिद्ध, असा त्याचा आशय आहे. बागेत हा भेद पाळायचा असेल तर समोरचा जीव कोणता आणि तो काय खातो, हे आधी ठाऊक हवे. ओळखच नसेल तर गरज आहे की नाही, हे ठरवणार तरी कसे?

हा धडा आम्ही चुकीतून शिकलो. एके वर्षी चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा पडला. त्यात नारिंगी ठिपक्यांच्या, काटेरी दिसणाऱ्या काळसर अळ्या फिरत होत्या. त्याच वेल खातात असे समजून आम्ही मुलांकरवी त्या वेचून घेतल्या. मावा मात्र वाढतच गेला. पुढे कळले, की त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या. अशी एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावा फस्त करते. ज्यांनी आमचे काम केले असते, त्यांनाच आम्ही संपवले होते.

नुकसानीवरून ओळख

कीड पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. तिच्या खुणा दिसतात. पाने चिकट झाली, त्यांवर काळी बुरशी धरली आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली, तर मावा, पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण आहे असे समजावे. या किडी रस शोषून गोड चिकटा सोडतात. त्यासाठी मुंग्या येतात व किडीचे राखणही करतात. कोवळ्या शेंड्यावर घोळक्याने बसतो तो मावा. झाड हलवताच पानाखालून उडते ती पांढरी माशी. आणि पेरांत कापसासारखा पुंजका दिसतो तो पिठ्या ढेकूण. पांढऱ्या माशीची उपेक्षा करू नये. भेंडीच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या हळद्या रोगाचा विषाणू तीच पसरवते, आणि रोग जडलेले झाड बरे होत नाही.

मिरचीची पाने आवळली की ‘बोकड्या आला’ असे आपण म्हणतो; पण पाने कोणत्या बाजूस वळली हे पाहावे. कडा वर वळून होडीसारखा आकार झाला असेल तर बहुधा फुलकिडे असतात. कडा खाली वळल्या असतील तर कोळी. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. त्यामुळे कीटकांसाठीची बरीच औषधे त्यावर निरुपयोगी ठरतात.

वांग्याचा एखादाच शेंडा माना टाकतो, तेव्हा पाणी कमी पडले असे समजून आपण आणखी पाणी घालतो. वास्तविक शेंड्याच्या आत पोखरणारी अळी असते. फवारणी तिथवर पोहोचत नाही. सुकलेला शेंडा अळीच्या खाली कापून दूर करणे हाच उपाय. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. अशी थोडी पाने खुडली तरी पुरते. धडधाकट रोप मुळाशी सैल होऊन उपटून आले तर माती उकरून पाहावी. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीची पांढरी, वळलेली अळी कुंडीत येते व मुळे खाते. म्हणून खत पूर्ण कुजलेले आणि चाळलेलेच घालावे.

मित्र कोण?

ढालकिडा व त्याची अळी यांखेरीज हिरवट, जाळीदार पंखांचा क्रायसोपा, फुलांवर एका जागी तरंगणारी सिरफिड माशी आणि जाळी विणणारे मोठे कोळी हे आपले सहायक होत. मावा फुगून तपकिरी, कडक झालेला दिसला तर त्याच्या आत एका सूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढत असते. असा मावा असलेले पान तोडू नये. त्यातूनच पुढची राखणदार पिढी बाहेर पडते. कुंड्यांच्या कडेला झेंडू, कोथिंबीर व बडीशेप फुलू दिली की या मित्रांना मध व पराग मिळतो.

उपायांचा क्रम

कुंडीचे एक मोठे सामर्थ्य आहे : ती उचलता येते. शेतातले झाड हलवता येत नाही. कीड पडलेली कुंडी मात्र त्याच दिवशी इतर कुंड्यांपासून दूर ठेवता येते. आमचा पहिला उपाय हाच. नवे रोपही आठवडाभर वेगळे ठेवूनच आम्ही बागेत घेतो.

त्यानंतर पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या खालच्या बाजूने मारावा. माव्यावर व कोळ्यावर बहुतेक वेळा एवढे पुरते. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावा. नत्रयुक्त खत बेताने द्यावे. अति खताने शेंडे लुसलुशीत होतात आणि माव्याला आमंत्रण मिळते. पांढऱ्या माशीसाठी पिवळा चिकट सापळा लावावा.

एवढ्याने भागले नाही तरच निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची भरड पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्याने गाळून त्यात दोन ग्रॅम साबण विरघळवावा आणि द्रावण त्याच दिवशी वापरावे. अर्कातील गुणकारी द्रव्य उन्हात लवकर नष्ट होते. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. त्याने कीड तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते आणि कात टाकण्यात बाधा येते. तेव्हा लगेच फरक दिसला नाही म्हणून दुसरे औषध आणू नये.

या उपायांनी काही जीव मरतात, हे आम्ही मुलांपासून लपवत नाही. मात्र त्याआधी काय काय करून पाहिले, हे त्यांना सांगता आले पाहिजे, असा आमचा आग्रह असतो.

विषाची बाटली

डास-झुरळांसाठीचे घरगुती औषध भाजीवर कधीही मारू नये. शेतासाठी आणलेल्या कीटकनाशकातले उरलेले टोपणभर औषधही नको. फवारणीनंतर काढणीसाठी किती दिवस थांबावे लागते, हे पिकानुसार ठरलेले असते. कुंडीतली मिरची तर आपण रोज तोडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपल्या मुलांपैकी कित्येकांचे आईवडील आजही पाठीवर पंप घेऊन फवारणीच्या मजुरीला जातात. त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट पुस्तकातली नाही.

म्हणून आमच्या बागेत प्रत्येक कुंडीला क्रमांक आहे आणि एक नोंदवही आहे. आठवड्यातून दोनदा मुले भिंग घेऊन पानांची खालची बाजू पाहतात. काय दिसले, मित्र किती, शत्रू किती व काय ठरवले, हे लिहितात. मित्र पुरेसे दिसले तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा पाहायचे, असा नियम आहे. सुट्टीत घरी गेलेली काही मुले आता वडिलांच्या शेतातली पानेही उलटून पाहू लागली आहेत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. पावसाळ्याच्या तोंडावर आपापल्या गावी कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात आणि शाळेस भेट देताना पिशवीभर आणाव्यात. गच्चीवरील बागेस वर्षभर तेवढ्या पुरतात.