औषध आलं दारी!

आजीची बीपीची गोळी संपली की घरात सगळे ‘उद्या आणू’ म्हणतात आणि आठवडा निघून जातो. तामिळनाडूने नेमकं हेच हेरलं. ५ ऑगस्ट २०२१ रोजी कृष्णगिरी जिल्ह्यात ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’, म्हणजे ‘लोकांच्या शोधात वैद्यकसेवा’, ही योजना सुरू झाली. आता चेन्नईसह राज्यभर आरोग्य स्वयंसेविका घरोघरी जाऊन बीपी-शुगर तपासतात, मोबाइलवर नोंद करतात आणि रुग्णांना गोळ्या घरपोच देतात. मुख्यमंत्री विमा योजनेतून पात्र कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण विमा कामी येतो तो आजार बळावल्यावर. त्याआधीची राखण रोजची गोळीच करते. आज आजी-आजोबांच्या गोळ्यांची पट्टी बघा. किती उरल्यात?