वडिलोपार्जित शेतजमिनीचे सरस-निरस वाटप

बोईसरलगतच्या बेटेगावासारख्या गावी, जेथे तारापूरच्या कारखानदारीमुळे भातखाचराच्या गुंठ्यालाही मोल आले आहे, तेथे वडिलोपार्जित जमिनीचा तंटा सामोपचाराने मिटला नाही, म्हणजे वारसांना दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करावा लागतो. सातबाऱ्यावर नाव नाही एवढ्यावरून कोणी, विशेषतः सासरी गेलेल्या लेकीने, आपला हक्क बुडाला असे मानू नये; फेरफाराची नोंद सारावसुलीसाठी असते, तीतून मालकी निर्माण होत नाही. हिंदू एकत्र कुटुंबातील कन्येला जन्मतःच पुत्राइतका हिस्सा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. मात्र पालघरच्या आदिवासी कुटुंबांना हिंदू वारसा कायदा सामान्यतः लागू नाही, तेथे रूढी पाहावी लागते.

न्यायालय प्राथमिक हुकूमनाम्याने केवळ हिस्से ठरविते. शेतसाऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मोजणी होऊन, व्हावयाचे असते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पाडता येत नाही. सर्वांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडेच अर्ज करता येतो. कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी भावंडांनी तेवढे एकदा अवश्य करून पाहावे.