कॅप्टन, तुमच्याबरोबर येऊ का?

आकाशातली नोकरी : लेखांक ९

विमान सुटायला वीस मिनिटं आहेत. प्रवाशांची रांग आत सरकतेय, वरच्या कप्प्यांत बॅगा कोंबणं चाललंय. त्या गर्दीतून वाट काढत गणवेशातला एक वैमानिक कॉकपिटच्या उघड्या दारापाशी येतो आणि तिथेच थांबतो. गळ्यात ओळखपत्र, हातात लायसन्स आणि मेडिकल सर्टिफिकेट. विमान त्याच्या कंपनीचं नाही. आतले दोघे चेकलिस्ट वाचत असतील तर ती संपेपर्यंत तो तोंड उघडत नाही. मग नाव सांगतो, कंपनी सांगतो आणि विचारतो, ‘कॅप्टन, तुमच्याबरोबर येऊ का?’

खरं तर गेटवर त्याचं नाव घेतलेलं असतं, पडद्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा जुळवून झालेला असतो. तरी हा प्रश्न विचारायचाच. मागे केबिनमध्ये रिकामी जागा मिळणार असली तरी आधी कॅप्टनला भेटायचं, मगच जाऊन बसायचं. अमेरिकन वैमानिकांच्या जगात हे न करणारा माणूस लक्षात राहतो, आणि चांगल्या कारणाने नाही.

गेल्या आठवड्यात आपण ज्येष्ठतेची यादी पाहिली. विमान कोणतं, पगार किती, सुट्टी कधी हे त्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं, तसंच ‘बेस’ कुठला हेही. बेस म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते ते शहर. कंपनी बेस उघडते, बंद करते, हलवते. वैमानिकाची बायको किंवा नवरा, मुलांची शाळा, म्हातारे आईवडील हे काही दर वेळी त्याच्या मागोमाग हलत नाहीत. मग माणूस राहतो एका शहरात आणि कामाला जातो दुसऱ्या शहरातून, मध्ये हजार-दोन हजार किलोमीटर. या ये-जा करण्याला तिकडे ‘कम्यूट’ म्हणतात. बेसच्या गावी रात्र काढायला पाचदहा जणांनी मिळून घेतलेली भाड्याची जागा म्हणजे ‘क्रॅशपॅड’. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात क्यू गार्डन्स नावाची वस्ती आहे. क्वीन्समधल्या दोन्ही विमानतळांना जवळ असल्याने तिथे इतके विमान कर्मचारी राहत आले की तिला ‘क्रू गार्डन्स’ असंच नाव पडलं.

ही ये-जा ज्या खुर्चीवर चालते ती जंपसीट. कॉकपिटमध्ये दोन्ही वैमानिकांच्या मागे असलेली जादा जागा, मुळात सरकारी निरीक्षक आणि कंपनीचे तपासणी वैमानिक यांच्यासाठी केलेली. मोठ्या विमानांत ती बरी असते. बोइंग ७३७ मध्ये मात्र ती भिंतीतून उघडून दारासमोरच आडवी येते. पाठ सरळ, गुडघे पुढच्या सामानाला टेकलेले, खांद्यांवरून पट्टे. कॅप्टनला स्वच्छतागृहात जायचं तर आधी पाहुण्याने उठायचं, खुर्ची मिटायची, मग वाट मोकळी. चार तास असं बसून माणूस कामाला जातो किंवा कामावरून घरी येतो. भाडं लागत नाही. कंपन्यांमध्ये परस्पर करार असतात : तुमचे वैमानिक आम्ही नेऊ, आमचे तुम्ही न्या.

या खुर्चीवर बसणारा प्रवासी नसतो, हे सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं. त्या उड्डाणापुरता तो कॉकपिटचा भाग असतो. म्हणून त्याने दारू घ्यायची नाही, केबिनमध्ये जागा मिळाली तरी नाही. दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाखेरीज बोलणं अमेरिकेत १९८१ पासून नियमानेच बंद आहे. पाहुण्यालाही ते लागू. हेडसेट कानाला लावायचा आणि बाहेर लक्ष ठेवायचं. त्या खुर्चीत डुलकी काढणं वाईट दिसतं. पगारवाटाघाटी, राजकारण, दुसऱ्या कंपनीची निंदा हे विषय काढायचे नाहीत. कॅप्टनने काढले तर ऐकून घ्यावं. उतरल्यावर पार्किंगची चेकलिस्ट संपेपर्यंत बसून राहायचं, मग हेडसेट जागेवर टांगायचा, खुर्ची मिटायची, दोघांचे आभार मानायचे आणि केबिन क्रूचेही. कित्येक जण जाताना त्यांच्यासाठी चॉकलेटचा पुडा घेऊन जातात. आपल्याकडे कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात, तशातलंच हे.

एका बाबतीत मात्र गप्प बसून चालत नाही. काही चुकतंय असं दिसलं तर पाहुण्याने बोलायचं असतं. २८ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री लायन एअरचं एक बोइंग ७३७ मॅक्स देनपसारहून जकार्ताला निघालं. उड्डाण होताच कॅप्टनचं कंट्रोल कॉलम थरथरू लागलं आणि विमान पुन्हा पुन्हा नाक खाली घालू लागलं. कॉकपिटमध्ये त्या रात्री ड्युटीवर नसलेला एक तिसरा वैमानिक बसला होता. दोन हात जेव्हा विमान वर धरून ठेवण्यात गुंतलेले असतात आणि बाकीचे दोन याद्या उलटत असतात, तेव्हा मोकळं डोकं असलेला एक माणूस मागे असणं किती मोलाचं, ते कुणीही समजू शकेल. शेपटीचा ट्रिम फिरवणाऱ्या मोटरचे स्विच बंद झाले आणि विमान जकार्ताला सुखरूप पोचलं. उतरल्यावर लिहिलेल्या नोंदीत मात्र घडलेली सगळी हकिगत उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या वैमानिकांसह निघालं आणि जावा समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली.

आता भांडणांकडे येऊ. पहिला नंबर कुणाचा, हे रोजचं. स्वतःच्या कंपनीचा वैमानिक आधी, बाहेरचा नंतर. बाहेरच्यांत बहुधा जो आधी गेटवर आला तो. सरकारी निरीक्षक आला तर प्रश्नच मिटतो. त्याने आपलं ओळखपत्र दाखवलं की त्याला विनाअडथळा आत घेणं नियमाने बंधनकारक आहे, मग घरी निघालेला कुणी सकाळपासून ताटकळत का असेना. विमानाचं वजन मर्यादेला टेकलं असेल तरी घरी निघालेला पाहुणाच गळतो. याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

तक्रार होते ती गेटवर. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यावर विमान वेळेत सोडण्याचं दडपण असतं. नावं घ्यायला वेळ नाही म्हणून तो दार लावून टाकतो. काचेच्या अलीकडे ताटकळलेला वैमानिक आणि पलीकडे रिकामी जंपसीट घेऊन मागे सरकणारं विमान. यावर जुन्या कॅप्टन लोकांचा एक उपाय आहे. ते निघण्याआधी स्वतः फोन करून किंवा वर जाऊन विचारतात, ‘कुणी बाहेर राहिलंय का?’ आणि राहिला असेल तर त्याला घेतल्याशिवाय ते निघत नाहीत. माझ्या मते चांगला कॅप्टन ओळखायची ही एक खूण आहे. त्याला त्या माणसाकडून काही मिळायचं नसतं, पुन्हा भेट होईलच असंही नसतं. उलट गणवेशावर चार पट्टे आहेत म्हणून काउंटरवरच्या मुलीवर खेकसणारे वैमानिकही असतात, आणि त्याची किंमत पुढच्या रांगेत उभा असलेला दुसराच कुणी मोजतो. प्रकरण फारच चिघळलं तर एक कंपनी दुसरीच्या वैमानिकांना नाकारू लागते, दुसरी तिच्या. अशा वेळी युनियनच्या जंपसीट समित्या मध्ये पडून मिटवामिटवी करतात.

पण ज्या भांडणाने या खुर्चीला खरी धार आणली ते संपाचं. १९८३ च्या सप्टेंबरात फ्रँक लोरेन्झोंच्या ताब्यातली काँटिनेंटल एअरलाइन्स दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली, कामगार करार रद्द झाले, पगार जवळपास निम्म्यावर आले. ऑक्टोबरपासून वैमानिक संपावर गेले आणि तो संप १९८५ पर्यंत चालला. काहींनी संपाची रेषा ओलांडून विमानं उडवली. १९८५ मध्ये युनायटेडमध्ये २९ दिवसांचा संप झाला. १९८९ च्या मार्चमध्ये ईस्टर्नच्या मेकॅनिकांच्या संपाला वैमानिकांनी साथ दिली. १९९१ च्या जानेवारीत ती कंपनीच बंद पडली. रेषा ओलांडणाऱ्यांना इंग्रजीत जो शब्द आहे त्याला आपल्याकडे संपफोड्या म्हणतात. १९८२ चा गिरणी संप ज्यांनी पाहिला त्यांना या शब्दात किती कडवटपणा मावतो ते सांगायला नको. अमेरिकन वैमानिकांनी या माणसांच्या याद्या केल्या. त्या याद्या फ्लाइट बॅगांतून हिंडल्या, वर्षानुवर्षं हिंडल्या. दारात माणूस उभा राहिला, नाव सांगितलं, कॅप्टनने यादी पाहिली आणि मान हलवली : नाही. संप संपून वीस वर्षं झाल्यावरही.

या नकाराच्या बाजूने आणि विरुद्ध दोन्हीकडून मी बरंच वाचलं आहे. घर विकलेल्या, मुलांचं कॉलेज सुटलेल्या संपकऱ्याने मनात धरलं तर त्याला दोष देणं मला जमत नाही. तरी मला हा नकार चूक वाटतो. कॉकपिटमधून कुणालाही बाहेर ठेवण्याचा कॅप्टनचा आणीबाणीतला अधिकार नियमात ज्या शब्दांत राखून ठेवला आहे ते शब्द आहेत ‘सुरक्षिततेच्या हितासाठी’. पाहुणा प्यायलेला वाटतोय, भेदरलेला वाटतोय, त्याच्यासोबत बसून उडवायला मन धजत नाही, इथे नकार द्यायलाच हवा आणि कारण विचारायचा हक्क कुणाला नको. जुना हिशेब चुकता करण्यासाठी तोच अधिकार वापरला की तो झिजतो. मग खऱ्या शंकेपोटी दिलेला नकारसुद्धा लोकांना सूडच वाटू लागतो.

आणि खरी शंका घ्यायची वेळ येते. ७ एप्रिल १९९४ ला फेडेक्सचं ७०५ क्रमांकाचं डीसी-१० मेम्फिसहून सॅन होजेला निघणार होतं. तिघे कर्मचारी विमानात आले तेव्हा जंपसीटवर जाणारा त्यांचाच एक सहकारी आधीच येऊन फ्लाइट इंजिनिअरच्या खुर्चीत बसलेला होता. दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं ही या जगात मोठीच आगळीक. त्याने ती सोडली, मागे गेला. फ्लाइट इंजिनिअरला कॉकपिटमधलं बोलणं टिपणाऱ्या रेकॉर्डरचा ब्रेकर ओढलेला दिसला. त्याने तो पुन्हा बसवला. थोड्या वेळाने पुन्हा ओढलेला दिसला, त्याने पुन्हा बसवला. त्या माणसाच्या गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारायची भाल्याची बंदूक होती. उड्डाणतासांची खोटी माहिती दिल्याबद्दल दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी होती. विमान वर गेल्यावर त्याने तिघांची डोकी फोडली. अपघातात मेलो असं दिसावं, घरच्यांना विम्याचे पैसे मिळावेत, असा त्याचा बेत होता. कवटीला तडे गेलेल्या सहवैमानिकाने ते अवाढव्य विमान आडवंतिडवं वळवून हल्लेखोराला तोल सावरू दिला नाही, इतरांनी त्याला दाबून धरलं, आणि ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जड विमान त्यांनी मेम्फिसला परत उतरवलं. तिघेही वाचले, पण त्या नोकरीत पुन्हा विमान उडवू शकले नाहीत.

२००१ च्या ११ सप्टेंबरनंतर दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमध्ये बसणं बंदच झालं. हजारो वैमानिकांची ये-जा अडली. मग एक सामायिक संगणकप्रणाली आली. पाहुणा खरोखर नोकरीत आहे का आणि फोटोतला तोच का, हे गेटवरच कळतं. आज गेटवर होते ती हीच पडताळणी. पण यंत्र नोकरी तपासतं, मन तपासत नाही. २२ ऑक्टोबर २०२३ ला एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला चाललेल्या होरायझन एअरच्या विमानात जंपसीटवरचा वैमानिक आधी नेहमीसारखा गप्पा मारत होता. मग आपण ठीक नाही म्हणाला, हेडसेट फेकला आणि इंजिनांची आग विझवणारे दोन लाल दांडे ओढायला गेला. आतल्या दोघांनी त्याची मनगटं धरली. विमानात त्याच्याशिवाय ऐंशीहून अधिक माणसं होती. मित्राच्या मृत्यूच्या दुःखात असलेल्या त्या माणसाने दोन दिवसांपूर्वी नशेची मश्रूम खाल्ली होती आणि तो झोपलाच नव्हता. दारातला तो प्रश्न आणि त्यानंतरचं दोन मिनिटांचं बोलणं मला म्हणूनच नुसता शिष्टाचार वाटत नाही. कॅप्टन त्या दोन मिनिटांत समोरच्याचे डोळे पाहत असतो.

(भारतीय वाचकांना इथे २०२३ मधलं दुबई-दिल्ली उड्डाण आठवेल. कॅप्टनने मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं म्हणून विमान वाहतूक नियामक डीजीसीएने त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं आणि एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. तो विषय वेगळा. तिथे दारात उभी असलेली व्यक्ती वैमानिक नव्हतीच.)

इतकं सगळं सांगूनही एक गोष्ट उरते, आणि मला ती सगळ्यात जास्त टोचते. ही खुर्ची उपकाराची आहे, आणि एका अख्ख्या व्यवसायाने आपलं घरदार त्या उपकारावर टांगलं आहे. पाहुणचार जितका चांगला, तितकं बेस कुठेही हलवणं कंपनीला सोपं. फरक भरून निघतो तो वैमानिकाच्या झोपेतून. आता अमेरिकेत २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ड्युटीआधी दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी द्यावी लागते. प्रत्येक उड्डाणाआधी ‘मी काम करण्यास योग्य आहे’ असं वैमानिकाने नोंदवायचं असतं. घरापासून बेसपर्यंतचा प्रवास मात्र ड्युटीत धरला जात नाही. तो विश्रांतीच्या तासांतच उरकायचा.

हे नियम ज्या अपघातानंतर आले त्यातली फर्स्ट ऑफिसर २४ वर्षांची होती. राहायला सिअ‍ॅटलजवळ, बेस न्यूअर्क. देशाचं एक टोक ते दुसरं. ११ फेब्रुवारी २००९ ला संध्याकाळी ती फेडेक्सच्या मालवाहू विमानात जंपसीट मागून बसली. मेम्फिसला रात्री पार्सलांची छाननी चालते. तिथे उतरून तिने दुसऱ्या मालवाहू विमानाच्या कॅप्टनला तोच प्रश्न विचारला. सकाळी साडेसहाच्या सुमारास ती न्यूअर्कला पोचली. दोन्ही कॅप्टननी आपलं काम चोख केलं होतं, तिला घेतलं, सांभाळून आणलं. तिच्या त्या दिवसाच्या कॅप्टनचं घर फ्लोरिडात होतं. त्या बेसवरच्या त्यांच्या कंपनीच्या, कोल्गन एअरच्या, वैमानिकांपैकी सुमारे दोन तृतीयांश असेच लांबून येणारे होते. दिवस तिने क्रू रूममध्ये काढला. सर्दी झालेली होती. रात्री ९ वाजून १८ मिनिटांनी तिचं बफेलोचं विमान सुटलं आणि तासाभरात क्लॅरेन्स सेंटरमधल्या एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला एक गेला. मुख्य कारण कॅप्टनने स्टॉलच्या (हवेचा आधार सुटण्याच्या) इशाऱ्याला दिलेला उलटा प्रतिसाद, असं तपास मंडळाने म्हटलं. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, पण तो नेमका किती हे ठरवता येत नाही, असंही त्याच अहवालात लिहिलं आहे.